झोपलेलं शेत आणि एक बादली

आमच्या घरात कोणाला काही सुचेनासं झालं की तो माणूस उठतो आणि कशाला तरी पाणी घालून येतो. बाबांचं आईशी वाजलं की बाबा खांद्यावर फावडं टाकून शेतात जातात. आई घरीच शिवणकाम करते, तिचं गिऱ्हाइकाशी वाजलं की ती दारातल्या कुंड्या बुडवते. आत्याला तर निमित्तही लागत नाही. ती गाईंना पाणी पाजता पाजता गोठ्याच्या भिंतीवरही दोन तांबे ओतते, का, तर "तापलीय बिचारी."

अशा घरात मी जेवताना, तोंड भरलेलं असतानाच, जाहीर केलं, "यंदा उन्हाळ्यात दोन महिने लसूणघासाला पाणी द्यायचं नाही."

आत्याने पुढे वाकून माझ्या कपाळाला हात लावला. ताप नव्हता. तिची जरा निराशाच झाली.

"झालं," बाबा म्हणाले. "तोफ उडाली."

तोफ म्हणजे मी. हे नाव नवीन आहे. गेल्या वर्षीपर्यंत शाळेत मला सगळे 'म्यूट' म्हणायचे, कारण बाईंनी प्रश्न विचारला की मला उत्तर यायचं, पण ते घशाशी येऊन बसायचं आणि तास संपला की घरी जायचं. मग एकदा विज्ञानाच्या तासाला कोणालाच येत नव्हतं, आणि ते उत्तर माझ्या तोंडून आपोआप बाहेर पडलं. चक्क बरोबर निघालं! तेव्हापासून बाबांच्या मते माझं बटण उलट्या बाजूला अडकलंय.

पण मला सांगायचंय ते शेताचं. आमच्याकडे पाऊस नावापुरता. जे काही आहे ते कालव्याचं पाणी, तेही पाळीने. एका पाळीत बारा तास पाणी आपलं, मग पुढच्याचं. त्या पाण्यावर आमचा लसूणघास आणि त्या घासावर आत्याच्या आठ गाई, त्यातली एक लंगडी. लसूणघास एकदा पेरला की सहा-सात वर्षं कापत राहायचं, तो पुन्हा पुन्हा वाढतो. आमचा पाच वर्षांचा होता, ऐन भरातला. आणि यंदा कालवा कचेरीतून फर्मान आलं होतं: धरणात पाणी कमी, म्हणून वर्षाला बाराऐवजी सहाच पाळ्या. कधी घ्यायच्या ते ज्याचं त्याने ठरवायचं.

बाबांनी ठरवूनही टाकलं होतं. सहाही पाळ्या कडक उन्हाळ्यात, कारण तहान तेव्हाच लागते. तेवढ्यानेही भागलं नाही तर शेत नांगरून टाकायचं आणि आठही गाई व्यापाऱ्याला द्यायच्या. हे वाक्य ते आत्याकडे न बघता, वाटीकडे बघून बोलले होते.  आत्या तेव्हा बाहेर जाऊन गोठ्याची भिंत भिजवून आली होती.

म्हणून मी तोंड उघडलं होतं.

"बरं, का नाही द्यायचं?" आईने विचारलं. आमच्या घरात 'का' विचारणारी ती एकटीच.

"आधी आत्याचं दार बघू या," मी म्हणाले आणि सगळ्यांना जेवणावरून उठवून गोठ्याकडे नेलं. गोठ्याच्या दारावर आतल्या बाजूने आत्या खडूने रेघा ओढते. एका कापणीला जितके भारे, तितक्या रेघा. पाच वर्षांच्या रेघा आहेत, पुसायची कोणाची टाप नाही. मी त्या मोजल्या होत्या. उन्हाळ्याआधीच्या कापणीला साठ-पासष्ट भारे. ऊन उतरल्यावर पंचावन्न. आणि ऐन उन्हाळ्यात, बाबा सगळ्यात जास्त पाणी देतात तेव्हा, बावीस. एका वर्षी एकोणीस.

"म्हणजे आपण सगळ्यात जास्त पाणी देतो तेव्हाच सगळ्यात कमी घास मिळतो," मी म्हणाले. "ते पाणी झाडाच्या पोटात जातच नाही. ऊनच पिऊन टाकतं."

"आणि झाड मेलं म्हणजे?" बाबा.

"नाही मरत. खड्डा आठवतोय का?"

खड्डा सगळ्यांनाच आठवत होता. मागच्या महिन्यात संडासाच्या टाकीसाठी शेताच्या कडेला खड्डा खणला, तेव्हा खणणाऱ्या मामांनी आतून मला हाक मारली होती, "ए पोरी, बघ तुमचं गवत कुठवर आलंय! ह्याला काय खाली सासुरवाडी आहे का?" मी शिडीने उतरले. लसूणघासाची मुळं भिंतीतून लोंबत होती, करंगळीएवढी जाड. आईच्या टेपने मापलं: टेप दीड मीटरची, ती दोनदा लावली तरी मूळ संपेना. वर भेगा पडलेली जमीन आणि खाली, मामांच्या कमरेशी, माती इतकी ओली की मुठीत दाबली तर तिचा लाडू वळला जात होता.

मी विज्ञानाच्या बाईंना विचारलं होतं. त्या म्हणाल्या, लसूणघासाला कडक उन्हात पाणी मिळालं नाही तर तो वरून वाळतो आणि मुळाशी झोपी जातो. पाणी आलं की जागा होतो. आधीच्या कापण्यांना पोटभर पाणी द्यायचं, जास्तीचा घास वाळवून ठेवायचा, उन्हाळ्यात झोपू द्यायचं आणि ऊन उतरलं की उठवायचं.

"झोपतो," बाबा म्हणाले. "शेत झोपतं. मग अंगाई कोण म्हणणार, तू?"

"तीन पाळ्या आधी, तीन नंतर," मी म्हणाले. "सहा पाळ्यांत शेतही राहील आणि गाईही राहतील."

आत्या म्हणाली, "आठही?"

"आठही."

आत्याने बाबांकडे बघितलं. ती त्यांची मोठी बहीण. असं बघितलं की बाबा पुन्हा सात वर्षांचे होतात.

"ताई, ही काल बोलायला शिकलेली पोर—"

"तू शिकून चाळीस वर्षं झाली," आत्या म्हणाली, "आणि एकोणीस भारे."

शेवटी बाबांनी मान्य केलं, पण अटीवर. ऊन उतरलं की पाणी सोडायचं. त्यानंतर दहा दिवसांत शेत हिरवं झालं नाही तर अकराव्या दिवशी नांगर, आणि मागोमाग गाई. आणि मी पुढे कधी तोंड उघडायचं नाही, ही अट त्यांनी घातली होती, पण ती आईने काढायला लावली. बाबांनी लगेच कॅलेंडर बघून तारीख काढली आणि आधी गाईंच्या व्यापाऱ्याला, मग ट्रॅक्टरवाल्याला फोन लावला. हे ट्रॅक्टरवाले काका म्हणजे चालतं-बोलतं घड्याळ. त्यांना एकदा तारीख दिली की पृथ्वी थांबली तरी ते येणार.

सुरुवात तर झकास झाली. आधीच्या दोन कापण्यांना मिळून एकशे एकतीस भारे! गाईंना पुरून उरेल इतका घास वाळवून आम्ही गोठ्याच्या माळ्यावर छतापर्यंत रचला. मी शाळेत इतक्या मोठ्याने बोलायला लागले की बाईंनी मला खिडकीपासून लांब बसवलं.

मग पाणी बंद केलं आणि शेत वाळायला लागलं.

हे मी घरी सांगितलं होतं, पण सांगणं वेगळं आणि बघणं वेगळं. आधी पानं कोमेजली, मग गळली, मग नुसत्या काड्या राहिल्या. पंधरा दिवसांत आमचं शेत जुन्या झाडूसारखं दिसायला लागलं. आणि ते आहे बाजाराच्या रस्त्याला लागून! येणारा-जाणारा प्रत्येक माणूस फाटकाशी थांबायचा. आमच्या भागात उन्हाळ्यात हिरवं शेत म्हणजे अब्रू, आणि आम्ही ती आपल्या हाताने वाळत घातली होती.

केस कापणारे दादा सायकलवरून उतरून म्हणाले, "झालं ते झालं. मन घट्ट करायचं." शाळेतून निवृत्त झालेले मास्तर चपला काढून आमच्या ओट्यावर खाली मान घालून बसले. जाताना बाबांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "काही लागलं तर सांगा." तीन घरांहून तर आत्यासाठी जेवणाचे डबे आले. आत्याने ते घेतले, वर रिकामे डबे धुऊन परत केले. "नाही कशी म्हणणार," ती म्हणाली. "चव चांगली होती."

"अहो, मेलं नाहीये ते! झोपलंय!" मी फाटकावर चढून ओरडायची.

लोक माझ्याकडे फार मायेने बघायचे. "पोरीने मनाला लावून घेतलंय," असं मी स्वतःच्या कानांनी ऐकलंय.

सगळ्यात वाईट म्हणजे पाटकरीकाका. पाटकरी म्हणजे कालव्याची दारं उघडणारा-लावणारा सरकारी माणूस. त्यांच्या मोटरसायकलला मागे वही बांधलेली, वहीत कोणाला किती तास पाणी ते सगळं. एक थेंब फुकट जाऊ देणार नाहीत अशी त्यांची ख्याती. ते सुद्धा बांधावर उभे राहून टोपी काढायचे. "माझ्या नोकरीत," ते म्हणायचे, "पाणी घ्या म्हणून कोणाच्या मागे लागायची वेळ आली नव्हती. ताई, तुम्ही जरा हिला समजवा."

मी मोठ्या तोऱ्यात "काका, विज्ञान आहे!" म्हणायचे. पण आतून? एकोणिसाव्या दिवशी दुपारी शाळेतून येताना मी फाटकाशी एकटीच होते. मास्तर नुकतेच गेले होते. मी वाकून एक काडी मोडली. कट् असा आवाज झाला. हाडासारखा. आणि माझ्या डोळ्यांसमोर आठ गाई व्यापाऱ्याच्या गाडीत एकामागून एक चढायला लागल्या, शेवटी ती लंगडी, आणि तिच्या मागे आत्या, दोरी हातात घेऊन.

मी इकडे-तिकडे बघितलं. गोठ्याच्या हौदातून एक बादली भरली. फाटकाजवळच्या कोपऱ्यात ओतली. एकच! मग बादली जागेवर ठेवून घरात गेले आणि चेहरा धुतला, पुस्तक उघडलं, पुस्तक उलटं होतं.

आता ऐका. आठवड्यात तो कोपरा हिरवा झाला.

हिरवा म्हणजे कसा, तर डोळ्यांत भरेल असा. अख्खं शेत झाडू आणि फाटकाशी एका खोलीएवढा हिरवागार तुकडा! मी हादरलेच. एक बादली? माझ्या एका बादलीने? मला वाटलं, एवढ्या तहानलेल्या झाडांना आपण पाण्यावाचून मारतोय आणि मी ह्या सगळ्यांची खलनायिका.

"बघ," बाबा म्हणाले. "कुठून तरी ओल झिरपली असेल. पाणी मिळालं की कसं हसतंय." असं म्हणताना ते आभाळाकडे बघत होते.

"किती छान दिसतंय," आई म्हणाली, तिने तर शेताकडे मान वळवलीच नव्हती.

आत्या म्हणाली, "देवाची करणी," आणि खोकली.

मला संशय यायला हवा होता. पण ज्याने स्वतःच चोरी केलीय तो दुसऱ्यांचे खिसे बघत नाही. मी तोंड शिवून बसले. बाबा आनंदाने सगळ्यांना सांगत सुटले की तोफ गार पडली. तो कोपरा मग रोज बघावासा वाटायचा, पाटकरीकाका तर मुद्दाम गाडी थांबवून बघायचे आणि मान डोलवायचे.

आणि मग तो कोपरा मेला.

हळूहळू नाही, चार दिवसांत. हिरवा होता तो पिवळा पडला, मग तपकिरी, मग काळपट, आणि वास सुटला, नासलेल्या भाजीचा. मी गुपचूप एक झाड उपटलं. मूळ हातात आलं तेच चिकट, साल सुटून सुतासारखी लोंबत होती. मग मी शेताच्या मधोमध गेले, जिथे सगळं 'मेलेलं' होतं, आणि तिथलं झाड उपटायला गेले. उपटेना. दोन्ही पाय रोवले, तरी उपटेना. शेवटी खुरप्याने उकरलं. मूळ पांढरंशुभ्र, टणक, आणि अगदी मुळाच्या डोक्यावर, काड्यांच्या बुडाशी, टाचणीच्या टोकाएवढे हिरवे डोळे.

झोपला होता! खरोखरच झोपला होता!

बाईंना विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, ऐन उन्हात लसूणघासाच्या बुडाशी पाणी साचून राहिलं तर ते तापतं, मुळं गुदमरतात आणि कुजतात. "पण त्याला बरंच पाणी साचावं लागतं हं. कोणी सोडलं होतं?"

"एक बादली," मी म्हणाले. माझा आवाज पुन्हा म्यूट झाला होता.

बाईंनी कपाळाला आठ्या घातल्या. पण घंटा झाली.

मी घरी कोणालाच सांगितलं नाही. कशी सांगणार? पाणी नको म्हणून गावभर ओरडणारी मी, आणि कोपऱ्याचा खून माझ्याच हातून. घरातही सगळे कसे अचानक फार सभ्य झाले होते. कोणी त्या कोपऱ्याचं नावच काढेना. बाबा फाटकाने न जाता मागच्या बांधाने जायला लागले.

दिवस सरले, ऊन उतरलं. आमची पाळी ठरल्या तारखेला यायची होती, पण वरच्या अंगाला कालव्याचं दार अडकलं आणि पाणी आलं पाच दिवस उशिरा. बाबांनी सगळ्या साऱ्यांत पाणी फिरवलं. सारे म्हणजे दोन वरंब्यांमधल्या लांबच लांब पट्ट्या. पाणी एका टोकाने सोडायचं आणि ते पट्टीच्या शेवटाला पोहोचायच्या आधीच तोडायचं, उरलेलं आपलं आपण सरकतं. हेही मीच सांगितलं होतं. बाबांनी दर वेळी "माहितेय" म्हणत ऐकलं.

पाच दिवस उशीर झाल्याचं घरात सगळ्यांना माहीत होतं. ट्रॅक्टरवाल्या काकांना कोणीच सांगितलं नव्हतं.

त्या सकाळी बाबा कालवा कचेरीत गेले होते, पुढच्या पाळीचं नक्की करायला. आत्या धारा काढत होती, आई मशीनवर. मी दप्तर भरत होते आणि मला धडधड ऐकू आली. खिडकीतून बघते तर फाटक सताड उघडं आणि लाल ट्रॅक्टर कोपऱ्यात, मागे नांगर टेकवलेला, काळी माती उलटी होतेय!

मी अनवाणी धावले. आयुष्यात कधी इतकी धावले नव्हते. ट्रॅक्टरच्या पुढ्यात जाऊन दोन्ही हात पसरून उभी राहिले.

"थांबवा! थांबवा!"

काकांनी थांबवलं, पण इंजिन चालूच. "बाजूला हो, बाळा. तारीख आजची आहे."

"पाणी उशिरा आलं! सहाच दिवस झालेत!"

"मला अकरावा दिवस सांगितलाय."

"शेत जिवंत आहे!"

काकांनी सीटवरून नजर फिरवली. तिथून त्यांना काय दिसणार? समोर सडका कोपरा, पलीकडे काड्याच काड्या. "बाळा," ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज अगदी मास्तरांसारखा झाला, "होतं असं. मन घट्ट करायचं."

"मन घट्टच आहे! तुम्ही खाली उतरा!"

"मी कामावर असताना खाली उतरत नाही. गुडघे."

"मग मी बाजूला होत नाही. माझेही गुडघे आहेत." आणि मी तिथेच, नांगरलेल्या ढेकळांत, मांडी घालून बसले. शाळेच्या गणवेशात. मागून आई धावत आली, गळ्यात टेप आणि तोंडात टाचण्या, त्यामुळे तिला ओरडता येईना, नुसतीच हातवारे करत होती. आत्या दुधाची चरवी घेऊनच आली.

काकांनी इंजिन बंद केलं. एकदम इतकी शांतता झाली की चरवीतला फेस फुटताना ऐकू आला. मग ते कण्हत, एक-एक पाय करत उतरले. मी त्यांना हाताला धरून दुसऱ्या साऱ्यात नेलं. "आता वाका."

"आणि वाकायचंही?"

"वाका ना हो!"

ते वाकले. आणि बराच वेळ वाकलेलेच राहिले. मला वाटलं, गुडघे अडकले.

"अगं," ते म्हणाले. "अगं, हे तर सगळीकडे आहे."

होतं! प्रत्येक काडीच्या बुडाशी दोन-दोन बोटं उंच कोंब, तीन-तीन पानांचे, दाट, लुसलुशीत. उभं राहिलं की दिसत नव्हते, वाकलं की शेताच्या शेवटापर्यंत नुसतं हिरवं. आत्याने चरवी खाली ठेवली आणि चक्क हातापायांवर बसून बघायला लागली. तेवढ्यात मोटरसायकल आली. पाटकरीकाका पुढे आणि मागे बाबा, वहीशेजारी अंग चोरून.

"हे काय, सगळे रांगताय का?" बाबा म्हणाले. मग त्यांनीही वाकून बघितलं. एका कोंबावरून बोट फिरवलं, मग दुसऱ्यावरून. मग फाटकाच्या कोपऱ्याकडे बघितलं आणि पटकन मान वळवली.

"सगळं आलं," ट्रॅक्टरवाले काका म्हणाले. "तेवढा कोपराच कसा गेला?"

आई टाचण्या काढून एक-एक करत पदराला लावत होती. मला वाटलं, आता गप्प बसले तर मी कायमची म्यूट.

"मी मारला," मी म्हणाले. "मला धीर धरवला नाही. एकोणिसाव्या दिवशी मी तिथे पाणी ओतलं. एक बादली. त्याने मुळं कुजली. शिक्षा करायची तर करा."

आत्या माझ्याकडे बघतच राहिली. "एक बादली?" ती म्हणाली. "अगं वेडे, एका बादलीने काय होतंय! मी रोज हौद धुते ते सगळं पाणी तिकडेच सोडत होते. महिनाभर."

"ताई!" बाबा ओरडले.

"लोक डबे पाठवत होते रे! मला बघवेना. म्हटलं, निदान रस्त्यावरून दिसेल तेवढं तरी हिरवं राहू दे."

आई जमिनीकडे बघत म्हणाली, "मी कपड्यांचं खंगाळलेलं पाणी… एक दिवसाआड."

"तूसुद्धा?" मी म्हणाले. "तू तर माझ्या बाजूने होतीस!"

"होतेच! म्हणून तर मागच्या दाराने जायचे."

बाबांच्या चेहऱ्यावर हळूहळू विजय चढत होता. ते पोट पुढे काढून म्हणाले, "म्हणजे बघा. ह्या घरात दिलेला शब्द पाळणारा फक्त—"

"दादा," ट्रॅक्टरवाले काका म्हणाले. त्यांचा नांगर जिथे थांबला होता तिथे, उलटलेल्या मातीत, निळ्या पाइपाचा एक तुकडा वर आला होता. त्याचं दुसरं टोक गोठ्याच्या नळाच्या दिशेने जमिनीखाली गेलेलं.

बाबांनी त्या पाइपाकडे असं बघितलं, जणू तो स्वतःच चालत आला. "दुपारी सगळे झोपायचे तेव्हा," ते शेवटी म्हणाले. "तासभर. फार तर दोन."

"पुरला होता!" आत्या किंचाळली. "पाइप पुरून ठेवला होता ह्याने!"

"कोणी बघू नये म्हणून."

पाटकरीकाका मघापासून मोटरसायकल चालू करायच्या प्रयत्नात होते. ती होत नव्हती. सगळ्यांच्या माना तिकडे वळल्या. त्यांनी टोपी काढली. "ह्या कोपऱ्याकडचं कालव्याचं दार थोडं सैल होतं," ते म्हणाले. "बोटभर. मी… कसलं काय, मीच ठेवलं होतं. बावीस वर्षांची नोकरी आहे, कोणाला असं वाळताना बघितलं नव्हतं हो. वहीत लिहिलेलं नाहीये, तेवढं सांभाळून घ्या."

ट्रॅक्टरवाले काका एक-एक करत आमच्या सगळ्यांकडे बघत गेले. "म्हणजे पाचजणांनी मिळून," ते म्हणाले, "पाणी वाचवायच्या शेतात पोहायचा तलाव केलात."

पहिली हसली आई. मग आत्या, मग तिला आवरेना. बाबा आधी रागावल्यासारखे उभे होते, पण त्यांचे खांदे हलायला लागले. मी तिथेच मातीत बसून पोट धरून हसत होते, आणि मधेच लक्षात आलं की मी रडतेय, पण ते एकत्रच चाललं होतं म्हणून कोणाला कळलं नाही.

"आलाच आहात तर," बाबा डोळे पुसत म्हणाले, "हा कोपरा तेवढा पुरता नांगरून द्या. बाकीच्याला हात लावायचा नाही."

"तिथे पुन्हा लसूणघासच पेरा की," पाटकरीकाकांनी सुचवलं.

"नाही येत," मी म्हणाले. "जुन्या लसूणघासाच्या जागी लगेच नवा धरत नाही. वर्षभर दुसरं काहीतरी लावावं लागतं."

सगळे बाबांकडे बघायला लागले. त्यांनी तोंड उघडलं. मी वाट बघत होते, आता 'तोफ' येणार.

"मग काय लावू या?" त्यांनी मलाच विचारलं.

मला सुचेचना! इतक्या दिवसांत पहिल्यांदाच. "बघून सांगते," मी म्हणाले.

आत्याने चरवी उचलली आणि तरातरा घराकडे निघाली. मी मागोमाग गेले, पाय धुवायला. ती फोनपाशी उभी होती, दुधाचे हात तसेच, रिसीव्हर खांद्याने कानाला दाबून. व्यापाऱ्याचा आवाज मला बाहेरपर्यंत ऐकू येत होता. गाडी उद्या पाठवू की परवा, असं काहीतरी विचारत होता.

"पाठवायचीच असेल तर रिकामी पाठवा आणि रिकामीच न्या," आत्या म्हणाली. "एकही नाही. हो, आठच्या आठ. लंगडीसुद्धा." जरा वेळ ती ऐकत राहिली. मग एकदम तिचा आवाज चढला. "मेलं नाहीये हो! कोण म्हणतं मेलं? झोपलं होतं!"